वळचणीतली चिमणी

मे महिन्याचा शेवटचा रविवार, दुपारचा दीड. पडवीत अकरा माणसं जेवायला बसलेली आणि मागच्या अंगाला खण्णकन आवाज झाला. नारळ पडला म्हणावा तर नारळ धप्पकन पडतो. जाऊन बघते तर स्वयंपाकघरातल्या चिमणीचं बाहेरचं तोंड, म्हणजे भिंतीबाहेर पाइपावर बसवतात ती टोपी, मोरीच्या दगडावर पडलेली. उचलायला गेले तर कडेचा पत्रा बोटांत पापडासारखा मोडला. बसवून पुरतं सव्वा वर्षही झालं नव्हतं.

मी दापोली तालुक्यातल्या मुरूडला घरगुती खानावळ चालवते. (जंजिऱ्याचं मुरूड वेगळं, ते रायगडात. फोनवर आठवड्यातून एकाला तरी हे सांगावं लागतं.) घराच्या मागे नारळी-पोफळींची वाडी, वाडी संपली की पुळण, पुढे समुद्र. सुट्टीच्या दिवसांत हर्णैच्या लिलावातून मासळी येते आणि तळणीचा तवा साडेअकराला चढतो तो चारलाच उतरतो. दिवसाला शंभरेक तुकड्या रव्यात घोळवून निघाल्या की ओट्यामागची भिंत चिकट होते, केस चिकट होतात, देवघरातली समईसुद्धा बांगड्याचा वास मारते. म्हणून चिमणी घेतली. शोभेसाठी नाही.

दुकानदाराला फोन केला. त्याने कंपनीचा नंबर दिला. कंपनीच्या माणसाने फार गोड आवाजात सांगितलं की मोटरची वॉरंटी आहे, टोपी आणि पाइप त्यात येत नाहीत, आणि गंज तर कशातच येत नाही. मोटर ठणठणीत होती. जे बिघडत नाही त्याची हमी कंपनीकडे आणि जे बिघडतं ते आपल्याकडे, अशी ही वाटणी.

सासूबाईंना हे सगळं आधीपासूनच मान्य नाही. त्यांच्या लेखी चिमणी म्हणजे कंदिलाची काच. "काचेला गंज नाय चढत गो," एवढं म्हणून त्या पुन्हा लसूण सोलायला लागल्या.

किनाऱ्यावर राहणाऱ्याला खारा वारा काय करतो हे सांगायला नको. दाराच्या बिजागऱ्या, सायकलची साखळी, टीव्हीचा डिश, सगळं तो खातो. पण मी इतकी वर्षं समजत होते की गंजायला पाऊस लागतो. आमच्याकडे तो कमी नाही, चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. तेव्हा लोखंडी वस्तू पावसापासून आडोशाला ठेवली की झालं, असं घरात सगळ्यांचंच मत. ह्यांनी त्याच हिशेबाने चिमणीचं तोंड पश्चिमेच्या भिंतीत, वळचणीच्या आत, पागोळ्यांपासून चांगलं हातभर मागे काढून घेतलं होतं. तिथे पावसाचा थेंब पोचत नाही.

आणि तिथेच ते सडलं.

कसं ते समजायला मला न्हाणीघरावर चढावं लागलं. म्हणजे शिडी लावून ह्यांना चढवलं. न्हाणीत पाहुण्यांच्या अंघोळीच्या पाण्यासाठी अजून चूल आहे, तिच्यावर तांब्याचा हंडा बसवलेला, आणि धुराचा पाइप कौलांतून वर गेलेला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दोन्ही टोप्या उडाल्या. न्हाणीवरची वाडीत सापडली, स्वयंपाकघराची आजतागायत सापडलेली नाही. वीज कितीतरी दिवस नव्हती, त्यात लॉकडाऊन, पाहुणे कुठले. पुढे सगळं मार्गी लागल्यावर दापोलीच्या पत्रेवाल्याकडून एकाच गॅल्व्हनाइज्ड पत्र्यातून दोन टोप्या करून घेतल्या. एक न्हाणीच्या कौलांवर उघड्यावर बसली, दुसरी वळचणीत. वळचणीतली तीन वर्षांत चाळण झाली, मग तिच्या जागी दुकानातली पांढऱ्या रंगाची आणली, तीच त्या रविवारी पडली. न्हाणीवरची मात्र चार पावसाळे धो धो झोडपून निघालेली, वर शेवाळ धरलेली, आणि वाजवली तर टणटणीत.

एकच पत्रा, एकाच माणसाचं काम. फरक एवढाच की एकीला पाऊस धुतो आणि दुसरीला धूत नाही.

मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, हे आपल्याला बरणीवरून माहीत असतं. साधं मीठ हवेत पंचाहत्तर टक्क्यांच्या वर दमटपणा गेला की ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते तर त्याच्या निम्म्या दमटपणातही पाझरतात. म्हणजे जानेवारीच्या कोरड्या दुपारीसुद्धा वळचणीतल्या त्या पत्र्यावर खारटपणाची ओली साय असतेच. वर आमच्या तळणीचं तेल. मीठ त्या तेलात चिकटून बसतं आणि ते धुऊन न्यायला पाऊस तिथे येत नाही. आपण ज्याला आडोसा म्हणत होतो ते लोणच्याची बरणी होती.

हे कळल्यावर पहिलं काम केलं ते भोक हलवण्याचं. आमचं छप्पर पूर्व-पश्चिम उतरतं, त्यामुळे उत्तरेच्या त्रिकोणी भिंतीला वळचण अशी नाहीच, पावसाचा मारा थेट बसतो. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची भिंत, फूटभर जाड. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो पण हवा खाऊन घट्ट होतो, आणि आमची भिंत आजेसासऱ्यांच्या वेळची. छिन्नीने भोक पाडू म्हणणाऱ्या गवंड्याला नको म्हटलं, कारण मागच्या वेळी सहा इंचांच्या भोकासाठी त्याने दोन चिरे हलवले होते. यंत्राने गोल भोक कापणाऱ्या कोअर कटिंगवाल्याने वीस मिनिटांत गोल तुकडा काढून हातात दिला. तो आता तुळशीपाशी आहे, त्यावर निरांजन छान बसतं.

भोक हलवल्याने आणखी एक फायदा झाला. आधी पाइपाला तीन वळणं होती, आता एकच. प्रत्येक वळणाला ओढ कमी होते, आणि वळणाच्या पोटात तेल साठतं. तो जुना अॅल्युमिनियमचा घडीघडीचा पाइप उतरवला तेव्हा मधे झोळ पडलेल्या जागेत वाटीभर काळं तेल निघालं. गॅसच्या वर, छपराला लागून, वाटीभर तेल! एकदा तव्यावरचा भडका वर ओढला गेला असता तर? नव्याला सरळ, आतून गुळगुळीत असा स्टीलचा पाइप घातला आणि त्याला बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला, म्हणजे वाफेचं पाणी घरात परत येत नाही. तोंडाला खाली बघणारं बेंड. पावसात वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, तो आता समोरून आत शिरत नाही. पूर्वी जुलैत आतली झडप रात्रभर टकटक करायची, पाहुणे घाबरून दार उघडून बघायचे.

बेंडाच्या तोंडाला अर्ध्या इंचाच्या भोकांची जाळी. बारीक जाळी तेलाने दोन महिन्यांत बुजते, आणि अजिबात नसली तर साळुंकी घर करते. आमच्याकडे केलं होतं. चिमणीत साळुंकी.

पत्र्याबद्दल आता मी दुकानात गेले की पर्समधून लोहचुंबक काढते. फ्रीजवरचा, गणपतीचा. ३०४ नंबरच्या स्टीलला तो जवळपास धरत नाही, ४३० ला धरतो. दोन्ही स्टीलच, पण ३०४ मध्ये आठ टक्के निकेल असतं, ४३० मध्ये जवळजवळ नाहीच, आणि समुद्रापाशी तो फरक दिसतो. रंगवलेल्या टोपीला तर चुंबक खटकन चिकटतो, खाली साधं लोखंड. ३१६ नावाचं आणखी चांगलं स्टील असतं, त्यात मॉलिब्डेनम घालतात, ते मिठाला जास्त दाद देत नाही. दापोलीच्या पत्रेवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "वहिनी, ते बोटीवाले नेतात, तुम्ही बांगडे तळता." बरं.

३०४ सुद्धा काही अमरपट्टा घेऊन येत नाही. सहा-सात महिन्यांत त्यावर चहा सांडल्यासारखे तांबूस डाग येतात. पहिल्यांदा आले तेव्हा मी शहाणपणा केला. तांब्या-पितळेला आमसुलं लावतो ना, तसं भिजवलेल्या आमसुलांनी घासलं. काय चकाकी आली! पंधरा दिवसांत डाग दुप्पट. आमसुलं मिठाच्या पाण्यातून काढलेली असतात हे मला, दर मे महिन्यात अंगणभर ती वाळत घालणाऱ्या बाईला, सुचू नये? तारेचा काथ्याही नको, त्याचे लोखंडी कण पत्र्यात रुततात आणि तेच गंजतात. न्हाणीघर धुवायचं अॅसिड तर जवळही नेऊ नये. साबणाचं कोमट पाणी, मऊ फडकं आणि शेवटी भरपूर गोडं पाणी. आमच्या विहिरीला एप्रिल-मेमध्ये खारट चव येते, म्हणून त्या दिवसांत नळाचं.

आतल्या जाळ्यांचंही असंच एक प्रकरण आहे. पहिल्या चिमणीला अॅल्युमिनियमच्या जाळ्या होत्या. कुणीतरी सांगितलं कॉस्टिक सोड्यात टाका, तेल पळतं. बादलीत टाकल्याबरोबर सोडा वॉटरसारखं फसफसायला लागलं, नाकाला झोंबलं, मी मागे सरले. तेल गेलं आणि अर्धी जाळीही गेली. कॉस्टिक अॅल्युमिनियमला खातं आणि वर हायड्रोजन सोडतं, जवळ चूल पेटलेली असती तर वेगळीच गोष्ट लिहावी लागली असती. आताच्या जाळ्या स्टीलच्या, आडव्या पट्ट्यांच्या. त्या उकळत्या पाण्यात भांड्यांचा साबण आणि मूठभर खायचा सोडा घालून अर्धा तास ठेवते.

न्हाणीच्या पाइपाची गोष्ट मात्र उलटी निघाली. टोपी टणटणीत, पण कौलांखालचा दोन फुटांचा पाइप हात लावताच भसकन आत गेला. तो आतून खाल्लेला होता. न्हाणीच्या चुलीत आम्ही सोडणं, म्हणजे नारळाची वरची सालं, जाळतो, वाडीत ढिगाने असतात. माडाला मीठ लागतं, आपण आळ्यात घालतोही, आणि त्यातला बराचसा क्षार सोडणात उतरतो. तो धुरातून पाइपात. म्हणजे बाहेरून समुद्र आणि आतून माड. वर पावसाळ्यात ओली फाटी घातली की धूर थंड होऊन पाइपाला डांबरासारखा चिकटतो, आणि तो थर साठला की एखाद दिवशी पाइपातच पेट घेतो. आता मे महिन्यात, पहिल्या पावसाच्या आधी, दोरीला दगड आणि काथ्याची जुडी बांधून वरून खाली दोनदा ओढायची. खाली बसणारा माणूस शर्ट काढून बसतो. यंदा घमेलंभर काजळी निघाली. न्हाणीचा झरोका कुणी थंडी वाजते म्हणून बंद करू नये, हे पाहुण्यांना सांगण्यासाठी पाटी लावली आहे. धूर डोळ्यांना कळतो. निखाऱ्यांचा विषारी वायू कळत नाही, त्याला वासच नसतो.

सासूबाईंचा एक मुद्दा मात्र मला खोडता आलेला नाही. जुन्या स्वयंपाकघरात चुलीवरचे वासे धुराने काळे कुळकुळीत होते, आणि त्यांना कधी भुंगा लागला नाही. काकडीच्या बिया राखेत घोळून त्याच भिंतीला थापलेल्या असत, त्याही टिकत. गॅस आला, धूर गेला, आणि आठ-दहा वर्षांत वाशांखाली पिवळं पीठ पडायला लागलं. "धूर होता तेव्हा घर निरोगी होतं," असं त्या म्हणतात. घर होतं खरं. त्या स्वतः चाळीस वर्षं फुंकणी फुंकून आज जिना चढताना दोनदा थांबतात. वाशांना मी औषध मारून घेते, दर दोन वर्षांनी, आणि धुराची आठवण मला येत नाही.

आता पाळी ठरवली आहे. टोपी आणि बेंड महिन्यातून दोनदा धुवायचं, आणि कुठल्या दिवशी याचा विचारच करावा लागत नाही: एकादशी. त्या दिवशी घरात मासे नाहीत, तवा थंड, चिमणी थंड. शिडी, बादली, फडकं. जून-जुलैत बोटी बंद, पाहुणे कमी, तेव्हा मोटरसकट सगळं उतरवून होतं. सासूबाई एकादशीला सकाळी विचारतात, "तुझ्या चिमणीची अंघोळ झाली काय गो?" आणि झाली असेल तरच साबुदाण्याला हात लावू देतात.

परवाच्या एकादशीला फडकं फिरवताना बेंडाच्या डाव्या बाजूला एक तांबूस ओघळ दिसला. पत्रा स्वच्छ, बाकी तीन स्क्रू चकचकीत, चौथ्याच्या डोक्याखालून ओघळ. खिशातला गणपती काढून लावला. तिघांना धरला नाही. चौथ्याला असा चिकटला की ओढून काढावा लागला. एवढ्या मोठ्या स्टीलच्या पत्र्यात एकटा लोखंडी स्क्रू, मग सगळा गंज त्याच्याच वाट्याला. पत्रेवाल्याला फोन केला. म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी तीनच होते पाकिटात."