सहा पानं आणि चार पानं

झेरॉक्सच्या दुकानातून आल्यापासून मन थाऱ्यावर नाहीये. काम एवढुसं होतं, होमलोनच्या कॅलक्युलेटरमधून हप्त्यांचा तक्ता येतो त्याची प्रिंट काढायची. दुपारी पीडीएफ करून ठेवली होती कारण पेज बंद केलं की आकडे उडतात आणि मग परत पहिल्यापासून टाकत बसा, 25 लाख, साडेआठ टक्के, 20 वर्षं, हप्ता 21,696. तिथला मुलगा म्हणाला, ताई, दोन फाइली आल्यात, दोन्ही काढू का?

दुसरी मीच केली होती. पण ती अशी चार लोकांत कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. काढ म्हणाले.

त्या कॅलक्युलेटरमध्ये खाली एक चौकोन असतो, दर महिन्याला जादा किती भरणार म्हणून. दोन हजार टाकता आले असते, तीन टाकता आले असते. मी 5000 टाकले. कुठले पाच हजार ते टाइप करतानाच मला माहीत होतं, दर 5 तारखेला गावी जातात तेच. आणि 240 हप्त्यांचे 155 झाले. मे 2045 चं एप्रिल 2038 झालं, व्याज जवळजवळ 11 लाखांनी कमी. मी नुसतं बघून बंद करायला हवं होतं. सेव्ह का केलं?

रिक्षात पहिल्या फाइलची ती सहा पानं चाळली. पहिल्या हप्त्यात व्याज 17,708 आणि मुद्दल फक्त 3,987. मुद्दल व्याजाच्या पुढे जातं कधी, तर 143 व्या हप्त्याला, म्हणजे बारा वर्षं होत आल्यावर! एकदम भरून आलं. बाकीच्यांना घरून मिळतं, आपल्यालाच का... जाऊ दे. त्यात प्रिंटची उजवी बाजू कापली गेलीय, शिल्लक रकमेच्या जागी नुसतं 24,96,0 आणि पुढे कागद संपला.

घरी आले तर आईचा फोन. पोचले गं पैसे, तुझं भागतंय ना? हो गं आई, म्हणाले. बॅग अजून खांद्यालाच होती आणि त्यात ते कागद. तिचा हिशोब मांडला मी, तिला न विचारता, आणि वर सांभाळून ठेवला. हेच परत परत डोक्यात येतंय.

रात्री नवऱ्याला झोप लागल्यावर परत बसले. तो चौकोन रिकामा ठेवला आणि वर्षातून एकदा जादा हप्ता टाकून पाहिला, दिवाळीच्या बोनसमधून. तीन वर्षांच्या वर कमी होतात. फ्लोटिंग रेटच्या, म्हणजे व्याजदर बदलत राहणाऱ्या होमलोनला आधी पैसे भरले म्हणून दंड लावता येत नाही, आरबीआयचाच नियम आहे, तेव्हा जमेल तेव्हा भरता येईल. आणि रेट बदलला की हा तक्ता तसाही बाद, 2045 काही दगडावर कोरलेलं नाही. बरं वाटलं जरा. होईल हळूहळू, फिटेल. ही फाइल 'दिवाळी' नावाने सेव्ह केली, प्रिंट आडव्या पानावर काढायची म्हणजे शिल्लक पूर्ण दिसेल.

त्या पाच हजारवाल्या फाइलची चार पानं फाडायला घेतली होती पण फाडवेनात. नवऱ्याला दाखवली नाहीत. सध्या गादीखाली आहेत.