उपरोक्त विषयास अनुसरून

रिमोटचं मधलं बटण चालत नाही, एवढ्याच तक्रारीवर मी त्या घरी गेले होते. ठाण्यातल्या पाचपाखाडीतली जुनी सोसायटी, दुसरा मजला, जुलैतली पावसाची सकाळ. कळव्याहून खाडीचा पूल ओलांडून येईपर्यंत रेनकोटच्या आत धरलेली बॅगसुद्धा भिजली होती. वहिनींनी आधी टॉवेल दिला, मग चहा, आणि मग रिमोट.

"बाण चालतात, मागे जाता येतं, आवाज कमी-जास्त होतो. फक्त ओके मेलंय. आणि हा दुसरा रिमोट आहे बरं का. पहिल्याचंही असंच, म्हणून तसलाच नवीन मागवला."

दोन रिमोटांचं नेमकं तेच बटण मरत नाही. म्हणजे रिमोट निर्दोष, हे तिथेच कळलं.

टीव्हीखाली जाड वहीएवढा एक कंप्युटर होता. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स, सिनेमे-नाटकं बघायला कोडी आणि बाजूला ब्राउझर. घरातल्या मुलाने, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याने, तो स्वतः जमवला होता. तो ऐरोलीला नोकरीला, सकाळी आठला बाहेर पडतो, रात्री घरी. मागच्या बाजूला एक हार्डडिस्क लटकत होती आणि तिच्या शेजारी रिमोट-कीबोर्डचे बिनतारी संकेत पकडणारे, नखाएवढे तीन डोंगल.

मी माझा लॅपटॉप जोडला आणि कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, काय ऐकू येतंय ते पाहिलं. ओके दाबलं की संकेत व्यवस्थित येत होता. रिमोट 'मेनू पिक' म्हणत होता आणि लिनक्स त्याला ३५३ क्रमांक देत होतं. पण पडद्याचा कारभार पाहणाऱ्या एक्सकडे मात्र शुकशुकाट. इथे कारण उघड होतं. एक्समध्ये कीचा क्रमांक एका बाइटात मावावा लागतो, ८ ते २५५. कर्नलच्या क्रमांकात एक्स आणखी ८ मिळवतं, म्हणजे आमचं ओके झालं ३६१. २५५च्या पलीकडचं दारातच अडतं. एक्स-११ आलं १९८७ साली. तेव्हा ज्यांनी ही मर्यादा ठरवली त्यांना दोष देता येत नाही. अडीचशे बटणांचा कीबोर्ड कुणी पाहिला होता? आताच्या नव्या ड्रायव्हरमध्ये यातून पळवाट काढली आहे, पण त्या घरातलं लिनक्स जुनं होतं आणि चालत्या मशिनचं सगळं बदलायला मला आवडत नाही. जोडलेली उपकरणं ओळखणाऱ्या युडेव्हच्या यादीत एक ओळ घातली, की या रिमोटकडून हा संकेत आला की त्याला एंटर समज. यादी नव्याने बांधली, डोंगल काढून लावला. ओके चाललं. वीस मिनिटांचं काम.

निघायच्या आधी सवयीने इनपुटची पूर्ण यादी काढली. एक्सचा स्वतःचा आभासी कीबोर्ड सोडला तरी अकरा कीबोर्ड निघाले. वहिनींना वाटलं काहीतरी घुसलंय. तसं काही नसतं. कंप्युटर चालू करायचं बटण हाही लिनक्सच्या लेखी कीबोर्डच, आणि ते यादीत दोनदा येतं. पडद्याचा उजेड कमी-जास्त करणारी व्यवस्था हा एक. रिमोटचे दोन. एकेका वायरलेस कीबोर्डचे तीन-तीन, कारण अक्षरं वेगळी, आवाजाची बटणं वेगळी, झोपवायचं बटण वेगळं. या सगळ्यांचं पाणी शेवटी एकाच नळातून येतं. कोणती की कुठून दाबली गेली हे वापरणाऱ्या प्रोग्रामला सहसा कळत नाही.

पण समोर तर एकच कीबोर्ड होता, वहिनींच्या लेकाचा, टीपॉयवर. मग उरलेल्या तीन ओळी कुणाच्या? डोंगल लागलेला आहे, कीबोर्ड कुठाय?

"तो माझा," खिडकीजवळच्या खुर्चीतून आजी म्हणाल्या. तोवर त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. "कपाटात ठेवलाय. तो नको लावूस गं. त्याने सगळ्यांची पंचाईत होते."

वहिनी चाचरल्या. "तसं नाही हो आई..." पण तसंच होतं. एका सेलमध्ये मुलाने एकसारखे दोन कीबोर्ड घेतले होते, एक लेकासाठी, एक आईसाठी. आजी सरकारी नोकरीत टंकलेखिका. मराठीची ४०ची, म्हणजे मिनिटाला ४० शब्दांची, परीक्षा पास झालेल्या. आयुष्य टाइपरायटरवर गेलं आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षांत कंप्युटरवरची इनस्क्रिप्ट ही मराठी कळांची मांडणी शिकल्या. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. १९८६चा हा आराखडा माझ्या मते आपल्या लिपीसाठी झालेल्या सर्वांत विचारी कामांपैकी एक आहे. आता गुडघ्यांमुळे त्यांना जिने उतरवत नाहीत. तलावपाळीवरच्या गडकरी रंगायतनात, ते १९७८ साली सुरू झालं तेव्हापासून, त्यांनी किती नाटकं पाहिली याची गणती नाही. म्हणून मुलाने टीव्हीवर नाटकं शोधायची सोय करून दिली होती. शोधायचं तर मराठीत लिहायला हवं, त्यासाठी कीबोर्ड, आणि मराठी-इंग्रजी बदलायला ऑल्ट-शिफ्ट.

ती अदलाबदल सगळ्या घरासाठी एकदमच व्हायची. आजींनी मराठी केलं की नातवाचा कीबोर्डही मराठी. त्याने कोडीत सिनेमा थांबवायला 'एक्स' हे अक्षर दाबलं की पलीकडे अनुस्वार पोचायचा आणि सिनेमा चालूच. पासवर्डच्या चौकटीत तर नुसती टिंबं दिसतात, आत मराठी चाललंय हे कळायला मार्ग नाही. तीनदा पासवर्ड चुकला की हाक यायची, "आजी, तू परत बदलून ठेवलंस!" महिनाभर हे चाललं. मग आजींनी कीबोर्ड जुन्या ओढणीत गुंडाळून कपाटात ठेवून दिला.

"शिवाय आता माझी बोटंही गेली," त्या म्हणाल्या. "अक्षरं गळतात. काही वेळा एकच अक्षर दहादा येतं. वय झालं."

मी वहिनींना म्हटलं, कीबोर्ड काढा.

ओढणी सोडून आजींनी तो मांडीवर घेतला. मी मराठी चालू केलं, शोधायची चौकट उघडून दिली आणि म्हटलं, काहीही लिहा. त्यांनी विचार केला नाही. बोटं आपसूक गेली तिथे गेली. पडद्यावर आलं:

उपरोत विषास अनुरून

आजींनी मान फिरवली. "बघ."

मी पडद्याकडे नाही, त्यांच्या हातांकडे बघत होते. एकही बोट चुकलं नव्हतं. क, हलन्त, त. 'य'साठी उजवी करंगळी थेट खाली, आणि की पूर्ण दाबली गेल्याचा टक् असा आवाज. त्यांनी दाबलं होतं, ते पोचलं नव्हतं. आणि त्याच वेळी मागे हार्डडिस्कचा दिवा सारखा लुकलुकत होता. कोडी तिच्यावरच्या नाटकांची यादी ताजी करत होतं.

हार्डडिस्क निळ्या पोर्टमध्ये, म्हणजे यूएसबी ३. त्याला चिकटून आजींचा डोंगल. यूएसबी ३ वर माहिती धावायला लागली की केबल आणि जोडाजवळ २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट होतो. हे बिनतारी कीबोर्ड बोलतात ते बरोबर त्याच पट्ट्यात. इंटेलने २०१२ साली स्वतःच यावर एक टिपण काढलंय. डोंगल त्या गोंगाटाला खेटून बसला की दाबलेली की त्याला ऐकू येत नाही. आणि बोट उचलल्याचा संकेत हरवला तर कंप्युटरला वाटतं की अजून दाबलेलीच आहे, आणि एकच अक्षर धावत सुटतं. नातवाचा कीबोर्ड डोंगलपासून हातभर अंतरावर, त्यामुळे त्याचा आवाज गोंगाटातूनही पोचायचा. आजींची खुर्ची खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला.

हे सगळं मी तेव्हा सांगितलं नाही. हार्डडिस्क रीतसर बंद करून काढली आणि म्हटलं, आजी, तेच पुन्हा लिहा. तसंच, त्याच वेगाने.

उपरोक्त विषयास अनुसरून

पुन्हा एकदा. आणि पुन्हा. तिसऱ्या वेळी त्यांनी थांबायच्या ऐवजी पुढेच लिहिलं, "आपणांस कळविण्यात येते की", आणि त्यातला ळसुद्धा जागच्या जागी. मग कीबोर्डवरून हात उचलून त्यांनी दोन्ही तळवे जरा वेळ समोर धरले. वहिनी स्वयंपाकघरात निघून गेल्या. मीही उगीच वायरी गुंडाळत बसले.

पुढचं काम मात्र नीट करायचं मी ठरवलं होतं. आजींच्या कीबोर्डने फक्त मराठीत बोलायचं, नातवाच्या कीबोर्डने फक्त इंग्रजीत, आणि बदलाबदलीचं ते ऑल्ट-शिफ्ट काढूनच टाकायचं. एक्समध्ये प्रत्येक उपकरणाला वेगळा लेआउट, म्हणजे अक्षरांची मांडणी, देता येतो. जो शेवटचा वापरला त्याचा चालतो. एरवी उपकरणाच्या नावावरून ओळख पटवतात. इथे दोघांची नावं सारखी, कंपनी सारखी, आणि स्वस्त डोंगलात अनुक्रमांक नावाची गोष्टच नसते. कर्नल देतो तो इव्हेंटचा आकडा तर मशिन चालू केल्यावर बदलूही शकतो, त्याच्यावर विसंबणारी व्यवस्था आठवड्यात मोडते. राहिला पत्ता. कोणता डोंगल कोणत्या पोर्टात आहे, तो पत्ता लिनक्स पक्का सांगतं. युडेव्हमध्ये नियम लिहिला की या पोर्टावर जो कीबोर्ड येईल त्याला भारतीय लेआउट. बाकी सगळ्यांना, रिमोट धरून, इंग्रजी.

यात मी एक चूक केली. नियम आधी लिहिला आणि डोंगल नंतर हलवला. साहजिकच पत्ता बदलला आणि सगळं पुन्हा लिहावं लागलं. आधी जागा ठरवायची, मग नियम. पाऊस जरा ओसरला तेव्हा गोखले रोडवर जाऊन दोन एक्स्टेंशन केबल आणल्या. दोन्ही कीबोर्डचे डोंगल काळ्या, म्हणजे यूएसबी २च्या पोर्टांतून केबलने पुढे आणले आणि टीव्हीच्या खालच्या कडेला दुहेरी टेपने चिकटवले. मधल्या केबलने पोर्टचा पत्ता बदलत नाही. रिमोटचा डोंगल हार्डडिस्कपासून सगळ्यांत लांबच्या पोर्टात. हार्डडिस्क परत तिच्या निळ्या जागी.

पण उद्या कुणी साफसफाई करताना दोन केबल उलटसुलट लावल्या तर? वहिनींनी टिकल्यांचं पाकीट आणून दिलं. एक लाल टिकली पोर्टाशेजारी, एक केबलवर, एक डोंगलवर, एक आजींच्या कीबोर्डच्या पाठीवर. मशिनला हा नियम समजावायला मला अर्धा तास लागला होता, घराला अर्धा मिनिट.

तोवर नातू शाळेतून आला. भिजलेले बूट दारातच. त्याला म्हटलं, तुझ्या कीबोर्डवर काहीतरी लिही, आजीला तिच्या कीबोर्डवर लिहू दे. एकाच चौकटीत दोघं लिहायला लागले, एकाआड एक. त्याची इंग्रजी अक्षरं, तिची मराठी. कोडी हार्डडिस्क चाळत होतं, दिवा लुकलुकत होता, एक अक्षर गळलं नाही. मग त्याने पासवर्ड टाकून पाहिला. पहिल्या फटक्यात उघडला.

"म्हणजे आजी बदलून ठेवत नव्हती?"

"नाही," मी म्हटलं. "आजीने फक्त तिचं मराठी लावलं होतं. ते तुझ्या कीबोर्डलाही लागायचं, हे मशिनमध्ये चुकलं होतं. आणि तिची बोटंही चुकत नव्हती."

तो आजीच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसला. तिने लिहिलेलं मोठ्याने वाचलं आणि विचारलं, उपरोक्त म्हणजे काय. आजी सांगायला लागल्या, वरती ज्याच्याविषयी लिहिलंय ते, पत्रात असं लिहायचं असतं, दिवसाला अशी चाळीस-चाळीस पत्रं. सांगताना हात कीबोर्डवरच होते.

रात्री नऊला मुलाचा फोन आला. आवाजात संकोच होता. ऑल्ट-शिफ्ट काढल्याचं त्याला पटलं होतं, हार्डडिस्कचं मात्र त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी त्याला नियमांची फाइल कुठे आहे ते सांगत होते, तो बहुतेक टीव्हीच्या मागे वाकून बघत असावा, कारण पलीकडून आजींचा आवाज आला.

"अरे, काळ्या भोकातलं काढू नकोस! टिकलीवालं माझं आहे."