बरं असायची चोरी

आज सकाळपासून अंग हलकं होतं. असा दिवस उगवला की आधी भीती वाटते, मग हाव सुटते. स्टुलावर चढून माळ्यावरचे पितळी डबे काढत होते आणि बेल वाजली. वन्सं. स्टूल घाईघाईनं आतल्या खोलीत सरकवलं आणि कमरेवर हात ठेवून दार उघडलं.

कंबर दुखत नव्हती.

दुपारपासून डोक्यात तेच घोळतंय. दुखत असताना हसून दार उघडायची सवय जुनी आहे. आज हे उलटं कुठून आलं?

आलं असेल गणपतीतून. पंगत वाढली आणि दुसऱ्या दिवशी उठवेना, तर ‘काल तर छान वाढत होतीस’. काल वाढलं म्हणूनच आज पडलेय, हे कुणाला पटवू? ताप असता तर थर्मामीटर पुढे केला असता. माझे ईएसआर, सीआरपी (अंगातली सूज शोधणाऱ्या रक्ताच्या तपासण्या), एक्स-रे सगळे नॉर्मल. मला आहे फायब्रोमायल्जिया, अंगभर दुखत राहायचा आजार; त्यात एरवी ते तसेच येतात. सांध्यांना ना सूज, ना झीज. मेंदू आणि मज्जारज्जूच साध्या स्पर्शालाही दुखणं ठरवतात. आपल्या सोसायटीतली ती पांढरी गाडी नाही का, मांजर बसलं तरी बोंबलते? गाडी धडधाकट असते, झोप मात्र खरोखरची जाते.

चहा होईतो वन्संनी मोबाइल काढला. अंगावर म्हणे 18 जागा असतात, त्यातल्या 11 दुखल्या तरच हा आजार. “बघू गं, दाबून?” आणि दाबल्या की! ते निकष 1990 चे. 2010 च्या निकषांपासून दाबून बघायची अट उरली नाही. किती भागांत दुखतं, झोपून उठल्यावर ताजं वाटतं का, विसरायला होतं का, हे विचारतात. मला सगळं पाठ आहे, तरी गप्प बसले. एका जागी फारसं दुखलं नाही, तर तोंडी परीक्षेत अडखळल्यासारखी ओशाळले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खांद्यावरून!

मग गोळ्यांचं पाकीट हाती लागलं. “अगं, ही तर डिप्रेशनची!” ड्युलोक्सेटिन दोन्हींसाठी देतात. अमेरिकेत 2008 साली खास या दुखण्यासाठीही मंजूर झाली. आणि असतं डिप्रेशन, तर दुखणं खोटं ठरलं असतं?

वन्सं म्हणतात पडून राहा. सासूबाई म्हणतात, बसून बसून अंग धरतं. कबूल करायला जड जातं, पण सासूबाई जास्त बरोबर आहेत. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांनी सगळ्यात ठाम शिफारस केलीय ती व्यायामाचीच. फक्त तो चिमूटचिमूट वाढवायचा असतो. स्टुलावर चढून अख्खा माळा उपसणं त्यात बसत नाही, हे मी सासूबाईंना सांगणार नाही आणि त्याही विचारणार नाहीत.

जाताना वन्संनी निर्गुंडीच्या तेलाची बाटली ठेवली. त्यांची माया असली की ती बाटलीतूनच येते. शनिवारी ‘फरक पडला का’ विचारायला येतील. पडला म्हटलं तर तेलाचा गुण, नाही म्हटलं तर ‘तू नीट चोळलंच नसशील’. दोन्हींची तयारी ठेवलीय. वास मात्र झकास आहे.