बिनदेवाची सुट्टी

ऑगस्टचा शेवटचा सोमवार. इथे दुपारचे अडीच, म्हणजे आईकडे सात. तिची दिवाबत्ती नुकतीच झालेली.

"आज घरी कशी गं?"

"बँक हॉलिडे आहे."

"तू कुठे बँकेत आहेस?"

"सगळ्यांनाच असतो आई."

"बरं, पण आहे काय आज?"

"काही नाही. सुट्टी आहे."

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "असं कसं काही नाही?"

तिचं बरोबरच आहे. इंग्लंडच्या कॅलेंडरात मेपासून ऑगस्टपर्यंत तीन सुट्ट्या अशा आहेत की त्यांना ना देव, ना जयंती, ना पुण्यतिथी. नावंही कशी, तर मेच्या सुरुवातीची, वसंतातली, उन्हाळ्यातली. मेअखेरची सुट्टी पूर्वी ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या व्हिट्सनच्या सणाला जोडलेली होती आणि आपल्या सणांसारखी चंद्राच्या हिशेबाने पुढेमागे व्हायची. १९७१च्या कायद्याने ती महिन्याच्या शेवटच्या सोमवारी ठोकून बसवली. सण निघून गेला, सोमवार राहिला.

हे सगळं सुरू केलं सर जॉन लबक यांनी. पेशाने बँकर, पार्लमेंटात खासदार, आणि उरलेल्या वेळात मुंग्या आणि मधमाश्यांचे अभ्यासक. आपल्या कुत्र्याला पुठ्ठ्यावरची अक्षरं वाचायला शिकवण्याचा खटाटोपही त्यांनी केला. हा माणूस मला फार आवडतो. त्याआधी बँक ऑफ इंग्लंड संतांच्या दिवसांना बंद असायची, वर्षाला तेहतीसेक वेळा. १८३४ साली त्यांतले चारच ठेवले. मग १८७१ साली लबकसाहेबांनी कायदा करून चार सोमवार-बिमवार सगळ्यांच्या पदरात टाकले. लोक इतके खूश झाले की ऑगस्टच्या सुट्टीला ते 'सेंट लबकचा दिवस' म्हणू लागले. म्हणजे संत काढून टाकले, तर लोकांनी सुट्टी देणाऱ्यालाच संत केलं.

लहानपणी आमच्याकडे नवं कालनिर्णय आलं की दादा आणि मी ते आधी जमिनीवर पसरायचो. आईला चतुर्थ्या बघायच्या असायच्या, बाबांना दुधाचा हिशेब लिहायला कोरी जागा हवी असायची. आम्हाला फक्त लाल आकडे. दसरा रविवारी आला की दादा त्या पानाकडे असा बघायचा, जणू कुणी त्याच्या ताटातली करंजी उचलून नेली. इथे तसं होत नाही. सुट्टी शनिवार-रविवारी पडली तर बदली दिवस मिळतो. २०२२ साली नाताळ रविवारी आला. सोमवार आधीच बॉक्सिंग डेने अडवलेला, म्हणून नाताळची सुट्टी मंगळवारी दिली. मी दादाला मुद्दाम फोन करून सांगितलं. तो आता खरोखरच बँकेत आहे. नुसता हुंकारला.

या मोकळ्या सोमवारी लोक करतात काय? मोटरवेवर गाड्यांच्या रांगेत अडकतात, पावसात समुद्रावर जाऊन छत्रीखाली चिप्स खातात. आमच्या शेजारचे आजोबा कुंपण रंगवतात, दोन सरींच्या मधल्या उघडिपीत. ग्लॉस्टरशरमधल्या कूपर्स हिलवर मेअखेरच्या सुट्टीला चीजचं चाक उतारावरून सोडतात आणि माणसं त्याच्यामागे कोलांट्या खात धावतात. खाली प्रथमोपचारवाले सज्ज असतात. कारण विचारू नये.

माझीही एक खोड आहे. सुट्टी म्हटली की सकाळी काहीतरी गोड शिजलंच पाहिजे. म्हणून मी शिरा करते. मग नैवेद्य कुणाला दाखवायचा हा प्रश्न पडतो. लबकसाहेबांना?

उलट जिथे खरा सण आहे, तिथे सुट्टीचा पत्ता नाही. श्रोव्ह ट्यूजडे घ्या, लोकांच्या तोंडी पॅनकेक डे. लेंटचा चाळीस दिवसांचा उपास लागण्याआधी घरातली अंडी, लोणी, दूध संपवायचं. गोव्यातला कार्निव्हल याच दिवसांतला. आणि ज्याला गटारी ठाऊक आहे, त्याला तर यातलं काही समजावून सांगायला नको. आमच्या ऑफिसात लेंट पाळणारं कुणी नाही, पॅनकेक मात्र झाडून सगळे खातात, वर लिंबू पिळून आणि साखर भुरभुरून. ओल्नी गावात बायका ॲप्रन बांधून, डोक्याला रुमाल गुंडाळून, हातात तवा घेऊन चर्चपर्यंत धावतात. गावाच्या म्हणण्याप्रमाणे १४४५ पासून. आणि हे सगळं कामाच्या मंगळवारी!

पाच नोव्हेंबरचंही तेच. १६०५ साली गाय फॉक्स आणि मंडळींनी पार्लमेंट उडवायचा बेत केला, तो फसला, म्हणून देशभर शेकोट्या पेटतात, फटाके उडतात. सुट्टी नाही.

ऑगस्टचा सोमवार संपला की थेट नाताळापर्यंत इथे काही नाही. मधे आपली दिवाळी येते, हटकून एखाद्या बुधवारी. पहाटे उटणं लावून आंघोळ, चकलीचा तुकडा तोंडात आणि कोट चढवून स्टेशन. पण इंग्लंडच्या कायद्याला दिवाळी माहीत आहे बरं का. एरवी रात्री अकरानंतर फटाके वाजवायला बंदी आहे, गाय फॉक्सच्या रात्री बारापर्यंत चालतात, आणि दिवाळीला चक्क एकपर्यंत. आमच्या गल्लीत तेवढा वेळ कुणी थांबत नाही. सकाळी सगळ्यांनाच ऑफिस असतं.