खडूस आजोबांचं पुस्तक मला का आवडलं नाही, तुम्ही विचारलंत म्हणून

"काका, ते पुस्तक तुम्हाला कसं काय नाही आवडलं, अगदी तुमच्यासारखेच आहेत हो ते आजोबा!" हे मला इतक्या जणांनी विचारून झालंय की आता एकदाच लिहून टाकतो. पुस्तक म्हणजे 'अ मॅन कॉल्ड ऊवे', मूळ स्वीडिश, २०१२ चं, नंतर टॉम हँक्सचा पिक्चरपण आला. माझ्याकडे त्याच्या दोन कॉप्या आहेत, एक भाच्याने दिली, एक शेजारच्या सूनबाईने, दोन्ही वाढदिवसाला. समजायचं ते समजलो.

आधी हे सांगा, ऊवे किती वर्षांचा आहे? ५९! मी ५८ ला सरकारी नोकरीतून सुटलो आणि त्याच वर्षी पोहायला शिकलो, आता ७१ चा आहे, आणि हा म्हणे म्हातारा.

बरं ते सोडा. ह्या गोष्टींचा साचा ठरलेला असतो, बायको गेलेली, माणूस तिरसट झालेला, मग शेजारी कोणी गरोदर बाई येते नाहीतर लहान पोरगं नाहीतर मांजर, आणि शेवटी आजोबा विरघळतात. 'अप' ह्या कार्टून पिक्चरमध्ये तेच. डिकन्सने तर १८४३ सालीच 'अ ख्रिसमस कॅरल' मधल्या कंजूष, तिरसट स्क्रूजला एका रात्रीत सरळ करून ठेवलाय. स्वभाव दुरुस्त झाला की गोष्ट संपली, पण तो ओरडत कशावरून होता? ऊवेच्या कॉलनीत गाडी आत आणायची नाही असा बोर्ड आहे, लोक आणतात, तो ओरडतो. मग चूक कोणाची? ते राहिलं बाजूला, वाचणारे "आतून किती प्रेमळ आहे ना" ह्यातच खूश.

आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यातली ट्यूब गेलीये. मी तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा जरा आवाज चढला, तर ग्रुपवर माझा स्टिकर फिरायला लागला. आवाज चढतो कारण मला माझाच आवाज नीट ऐकू येत नाही हो. वयाने कान जातात ना, तेव्हा आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात, म्हणजे स, श, फ वगैरे, आणि लहान मुलांचं बोलणं. नात "साखर" म्हणते, मला "आखर" ऐकू येतं, दोनदा "काय?" केलं की ती म्हणते जाऊ दे. हे "जाऊ दे" मात्र बरोब्बर ऐकू येतं. मग माझा चेहरा कसा होणार, आणि तो बघून लोक म्हणतात काका खडूस.

म्हातारा वाचायचाच तर पुलंचा अंतू बर्वा वाचा. रत्नागिरीचा, जिभेवर तिखट, आणि शेवटपर्यंत तसाच. गावात वीज आली तरी ह्याच्या घरात अंधार, कारण उजेड पडून दिसणार काय तर दारिद्र्यच. पुलं त्याला सुधारायला जात नाहीत, मांजरही आणून देत नाहीत, नुसतं ऐकत बसतात. तेवढंच तर पाहिजे असतं.

असो. त्या दोन कॉप्या कोणाला हव्या असतील तर खुशाल येऊन घेऊन जा. फक्त जिना जपून चढा, तिसऱ्या मजल्यावरची ट्यूब अजून तशीच आहे.