शकुंतला अपडेट: काळ्या मातीनं रूळच उचलला

राजेहो, शकुंतला म्हणजे आमच्या वऱ्हाडातली नॅरोगेज (अरुंद रुळांची) गाडी, तिचं छोटं चालतं मॉडेल मी घरी बनवतोय. मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की त्यातल्या दर्यापूर यार्डचा ट्रॅक पूर्ण झाला, आता फक्त झाडं लावायची. ते वाक्य मागे घेतो. गेले पाच आठवडे एक झाड लावलं नाही, उलट दीड फूट ट्रॅक उखडला.

झालं असं की प्लॅटफॉर्म सोडून कापसाच्या जिनिंगच्या सायडिंगकडे (बाजूच्या रुळाकडे) जाताना इंजिन बरोबर तिसऱ्या कडुलिंबापाशी घसरायचं, दर वेळी तिथेच, आणि पुढचीच चाकं. पहिला संशय अर्थातच चाकांवर, म्हणून बॅक-टू-बॅक (जोडीच्या दोन चाकांमधलं आतलं अंतर) तपासलं, ठीक. मग रुळांचे तुकडे जोडणारे जॉइनर बदलले. मग वाटलं थ्रीडी प्रिंटची बॉडी पुढे जड झाली असेल, म्हणून मागच्या बाजूला शिसं भरलं, तर ते आता दोन्ही बाजूंनी जड होऊन त्याच जागी घसरायला लागलं. खाली काटो या जपानी मॉडेल कंपनीची चेसिस (चाकं-मोटरचा सांगाडा) आहे, तिला मी एका शब्दानं दोष देणार नाही, बिचारी घड्याळासारखी चालते. शेवटी एका रविवारी स्टीलची फूटपट्टी रुळावर उभी धरून मागून टॉर्च मारला तेव्हा दिसलं की रुळाला चक्क कुबड आलंय, मिलिमीटरभर. 9 मिमीच्या ट्रॅकवर मिलिमीटरभर म्हणजे डोंगरच.

आणि कारण कोण, तर माझी लाडकी माती.

ज्यांनी सुरुवातीपासून वाचलंय त्यांना माहितीये की मी रंग, पावडर काही न वापरता थेट आमच्या शेतातली काळी माती आणली होती. बाबांनी तेव्हाच विचारलं होतं, माती कायले नेतं बे पुण्याले? मी ती वाळवली, कुटली, मैद्याच्या चाळणीतून गाळली (चाळणी नवीन आणून दिली, विषय मिटलाय), वरून चुंबकही फिरवलं, कारण आपली माती बेसाल्टची, तिच्यात लोखंडाचे काळे कण असतात आणि ते मोटरच्या मॅग्नेटला जाऊन चिकटतात. हे नवीन लोकांनी लिहूनच ठेवा. माझ्या पहिल्या इंजिनाच्या पोटात अक्षरशः मिशा उगवल्या होत्या.

एवढी हुशारी केली आणि मुख्य गोष्ट विसरलो. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. मी फोमवर तिचा चांगला बोटभर थर दिला, त्यावर ट्रॅक, त्यावर खडी, आणि खडी चिकटवायला ड्रॉपरनं पातळ फेविकॉल. ते पाणी मुरलं खाली, माती फुगली, रूळ वर. मग वाळताना स्लीपरच्या कडेनं फाटली. मला वाटलं फेविकॉल कमी पडला म्हणून मी परत पातळ फेविकॉल सोडला! असं तीनदा. म्हणजे रोगी तापलाय आणि डॉक्टर रोज त्याला पावसात उभा करतोय.

बाबांना फोनवर सांगितलं तर पोट धरून हसले. म्हणाले, अबे घराच्या भिंती फाटते या मातीनं, तुही आगगाडी कोन्या झाडाचा पाला हाये? आणि खरंय, आमच्या खारपाणपट्ट्यात (खाऱ्या पाण्याच्या भागात) प्रत्येक घराला एक तरी भेग असतेच, लहानपणी आम्ही त्यात रुपयाची नाणी लपवायचो.

उपाय एका सिव्हिलवाल्या मित्रानं सांगितला, दोन. एक म्हणजे घराच्या पायात करतात तेच, काळी माती काढा आणि मुरूम भरा. दुसरा, चुना. काळ्या मातीत चुना मिसळला की तिचं फुगणं कमी होतं, रस्त्याच्या कामात हे करतात. मग काय, फरसाणच्या डब्यांची तीन झाकणं घेतली, एकात नुसती माती, एकात 3 टक्के चुना, एकात 6 टक्के, भिजवून खिडकीत ठेवली. आठ दिवसांनी नुसत्या मातीचं झाकण बघितलं तर अगदी मे महिन्यातलं शेत, 3 वालं कडेला जरा सुटलेलं, आणि 6 वालं एकदम गप्प. रंग थोडा राखाडी होतो, पण काळ्या ॲक्रिलिकचे दोन थेंब टाकले की झालं. तर आता ट्रॅकखालचं सगळं खरवडून तिथे कॉर्क, बाजूला टाईल ग्राउटचा भराव, आणि वर फक्त चुनेवाल्या मातीचं कागदाएवढं अस्तर. कालपासून इंजिन तिसऱ्या कडुलिंबावरून चाळीस वेळा गेलंय, एकदाही घसरलं नाही. मी मोजत बसलो होतो, हो.

पण खरी गंमत त्या पहिल्या झाकणात. त्यातल्या भेगा मोजल्या तर साधारण 1 मिमी रुंद, म्हणजे माझ्या 1:87 च्या मापात (खऱ्याच्या 87 पट लहान) जवळजवळ 9 सेंटिमीटर. ही तर आमच्या शेतातली भेग, जशीच्या तशी! असं कोरून जन्मात जमलं नसतं. म्हणजे रुळाखाली चुना आणि शेतात नुसती माती, भिजवायची आणि सोडून द्यायची, ती आपोआप फाटेल.

आता यामुळे घोळ असा झालाय की माझा लेआउट (मॉडेलचा सगळा देखावा) डिसेंबर 1993 चा होता, कापूस वेचणीचा. इतक्या भेगा उन्हाळ्यातच शोभतात. लिहिता लिहिता वाटतंय की सरळ एप्रिल 1994 करावा. 15 एप्रिलला वाफेचं इंजिन गेलं आणि डिझेल आलं, म्हणजे शेवटचा आठवडा दाखवता येईल, ते 1921 चं मँचेस्टरला बनलेलं इंजिन, पाण्याची टाकी, सगळं. वेचणीच्या बाया कमी होतील, पण कापसाच्या बंड्या (बैलगाड्या) ठेवता येतील, भाव वाढेल म्हणून उन्हाळ्यापर्यंत कापूस घरात भरून ठेवणारे आमच्याकडे कमी नव्हते. शेतात पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचे, ढीग करावे लागतील. त्यासाठी झाडूच्या काड्या की नारळाचा काथ्या, कोणी करून बघितलंय का?

बाकी थोडक्यात. फाटकाचा सीन पहिल्या फटक्यात चालला! गाडी फाटकाआधी थांबते, सर्वोमुळे (छोट्या मोटरमुळे) फाटक लागतं, बारा सेकंदांनी गाडी निघते. खाली उतरलेला माणूस अजून हलत नाही, नुसता उभा आहे, पण लहानपणी गाडीतला माणूस उतरून फाटक लावायचा ते ज्यानं बघितलंय त्याला कळेल. पेको कंपनीचा नॅरोगेज ट्रॅक, तो वेडेवाकडे स्लीपरवाला, महाग आहे पण दुसरं काही घेऊ नका. एका ऑनलाइन दुकानानं मला त्याच्या जागी साधा एन गेज (रुंदी तीच, पण स्लीपर बारीक आणि दाट) पाठवला आणि वर म्हणे दोन्ही 9 मिमीच की हो साहेब. मूर्तिजापूर जंक्शन मात्र रद्द, तिथल्या ब्रॉडगेजला या मापात 19 मिमीच्या वर रुंद ट्रॅक पाहिजे आणि तयार मिळणाऱ्या 16.5 मिमीच्या ट्रॅकवर इंडियन डबे बघवत नाहीत मला.

बाबांना अजून दोन किलो माती मागितली आहे. या वेळी कायले ते विचारलं नाही, फक्त म्हणाले, विहिरीजवळची आणू का धुऱ्यावरची? धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, सांगितली. तिथे भेग बारीक पडते.