‘वेगवान’ म्हणजे नेमके किती?

मोबाइल अ‍ॅपच्या आवश्यकता (म्हणजे अ‍ॅपने काय आणि कसे करावे याच्या अटी) लिहिताना ‘अ‍ॅप वेगवान आणि वापरायला सोपे असावे’ असे वाक्य मीही पूर्वी बिनदिक्कत लिहीत असे. पण ते कोणालाच तपासता येत नाही, म्हणून त्यावरून वादच अधिक होतात. अँड्रॉइडमध्ये स्पर्शाला ५ सेकंदांत प्रतिसाद मिळाला नाही, तर अ‍ॅप अडकल्याचे यंत्रणाच मानते. मात्र ती अपयशाची सीमा आहे, उद्दिष्ट नव्हे. सेकंदाला ६० फ्रेम (म्हणजे स्थिर चित्रे) दाखवणाऱ्या स्क्रीनवर प्रत्येक फ्रेमसाठी जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात, त्यामुळे यादी सरकवताना ती अडखळू नये असे वाटत असेल, तर हा आकडा आणि तो कोणत्या जुन्या, कमी मेमरीच्या फोनवर मोजायचा (नेमके हेच विसरले जाते) या दोन्ही गोष्टी आवश्यकतेतच नोंदवायला हव्यात.

आयएसओ २५०१० या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०११ च्या आवृत्तीत सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेची ८ वैशिष्ट्ये दिली आहेत. तपासयादी म्हणून ती उपयोगी पडतात. तरी त्यांपैकी विश्वसनीयतेची खरी परीक्षा, माझ्या मते, फॉर्म भरता भरता नेटवर्क गेल्यावर किंवा मध्येच फोन आल्यावर होते. अशा वेळी भरलेली माहिती टिकली पाहिजे, ही अट मी आता सर्वांत आधी लिहितो.